काच बदलली आणि गाडीचा कॅमेरा रुसला: चेंबूरमधलं एक प्रकरण

गाडीची कंपनी, सर्व्हिस सेंटर, माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांची गाडी आहे त्यांना विचारूनच लिहितोय. हल्ली हा त्रास घेऊन येणारे लोक वाढलेत आणि बहुतेकांना थेट "कॅमेरा बदला" असंच सांगितलेलं असतं, म्हणून हे प्रकरण सुरुवातीपासून नीट मांडतो.

पार्श्वभूमी

माझं चेंबूरला गाड्यांच्या इलेक्ट्रिकल कामाचं छोटं गॅरेज आहे. ज्यांची ही गाडी आहे त्या ताई आमच्याच भागातल्या, स्वतः गाडी चालवतात, आई खारघरला एकटी असते म्हणून आठवड्यातून बऱ्याचदा सायन-पनवेल हायवेनं जाणं-येणं. गाडी वॉरंटीमधली एसयूव्ही, अडास असलेली. म्हणजे आरशामागे काचेला चिकटून एक कॅमेरा आणि पुढच्या बंपरमध्ये रडार, दोघं मिळून समोरची गाडी, माणूस, लेनचे पट्टे ओळखतात आणि गरज पडली तर गाडी स्वतः ब्रेक मारते. ताईंनी हे फीचर बघूनच ते महागडं मॉडेल घेतलं होतं, कारण रात्री आईकडून परत येताना थकवा असतो.

एप्रिलच्या शेवटी हायवेवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली, समोरच्या काचेला चीर गेली आणि ती वाढत वाढत मधोमध आली. इन्शुरन्समधून काच बदलून झाली, त्याच दिवशी गाडी हातात मिळाली. फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला, कारण तो सोलला की निकामीच होतो, मग बँकेकडून नवीन मागवून तो काच बदलणाऱ्या वर्कशॉपमधल्याच मुलाकडून लावून घेतला.

नेमका त्रास

मे महिन्यात संध्याकाळी खारघरहून परत येताना वाशीच्या खाडीपुलावर मीटरमध्ये मेसेज यायला लागला, समोरच्या कॅमेऱ्याला अडथळा आहे, अडास बंद. चेंबूरला पोचेपर्यंत जायचा. सर्व्हिस सेंटरनं काच बाहेरून पुसून दिली, स्कॅनर लावून गाडीनं नोंदवलेले बिघाडाचे कोड क्लिअर केले आणि सांगितलं, समोरून ऊन येतं मॅडम, नॉर्मल आहे.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तोच मेसेज सकाळी यायला लागला, गाडी काढल्या काढल्या, आणि वीसेक मिनिटांनी आपोआप जायचा. पुन्हा सर्व्हिस सेंटर. आता उत्तर आलं, पावसात होतंच, नॉर्मल आहे. ताई तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा मात्र ॲडव्हायजरनं कॅमेरा मॉड्यूल बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं, मोठी पाच आकडी रक्कम, आणि वर हेही की काच बाहेर बदलली असल्यामुळे वॉरंटीत बसेल की नाही ते कंपनीला विचारावं लागेल.

ते एस्टिमेट घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "दादा, उन्हात पण नॉर्मल आणि पावसात पण नॉर्मल, मग हा कॅमेरा चालतो तरी कधी?" प्रश्न अगदी बरोबर होता. दोन वेगळ्या हवामानात एकच मेसेज येतोय, तर दोन्हीकडे कॉमन काय ते शोधायला पाहिजे, आणि कॉमन एकच होतं, एप्रिलमध्ये बदललेली काच. त्याआधी दीड वर्षात, एक अख्खा पावसाळा धरून, हा मेसेज कधीच आला नव्हता.

मेसेज काय सांगतो

इथं थोडं थांबतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. अशा गाड्यांमध्ये कॅमेऱ्याबद्दल साधारण तीन तऱ्हेच्या तक्रारी येतात. एक, अडथळा, म्हणजे कॅमेरा जिवंत आहे पण त्याला नीट दिसत नाहीये. दोन, कॅलिब्रेशन झालेलं नाही किंवा बिघडलंय, म्हणजे दिसतंय पण आपण नेमकं कुठं बघतोय याची खात्री नाही. तीन, सिस्टीम फेल्युअर, म्हणजे कॅमेरा, वायरिंग किंवा कनेक्टरमध्येच लोचा. ताईंच्या गाडीत दर वेळी पहिलीच तक्रार होती आणि ती आपोआप जात होती. मेलेला कॅमेरा वीस मिनिटांनी बरा होत नाही. कधीकधी ढिल्या कनेक्टरमुळे असं ये-जा होतं, पण तेव्हा कोड वेगळा पडतो आणि खड्ड्यात गाडी आपटली की मेसेज येतो, ऊन-पाऊस बघून नाही.

कॅमेरा अडथळा ठरवतो तो चित्रावरून. गाडी पुढे चाललीये, सगळं चित्र हलतंय, पण एखादा भाग सतत धूसर आहे किंवा हलतच नाहीये, कडा ओळखू येत नाहीत, असं झालं की तो हात वर करतो. म्हणजे त्याच्या भिंगापासून रस्त्यापर्यंत मध्ये जे जे येतं ते सगळं संशयित. भिंग, त्याखालचा काळा ट्रे, काचेची आतली बाजू, काच स्वतः, बाहेरची बाजू, वायपरचं रबर, स्टिकर. कॅमेरा या यादीत सगळ्यात शेवटी येतो, निदान माझ्या मते तरी.

पर्याय काय काय होते

पहिला, दुर्लक्ष करायचं. ताईंच्या मिस्टरांचं मत हेच होतं. मुंबईत रिक्षा आणि बाईक इतक्या जवळून कट मारतात की लेन असिस्ट, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारं फीचर, बरेच जण बंदच ठेवतात, मग कशाला डोक्याला ताप. हे मला पटत नाही आणि मी ते स्पष्ट सांगितलं. लेन असिस्ट आपण बंद करतो ते आपल्या मर्जीनं, पण अडथळ्याचा मेसेज आला की त्यांच्या गाडीत ऑटो ब्रेकही जातो, आणि ज्या दिवशी तो लागणार तो दिवस आपण निवडत नसतो. नेहमीचे ब्रेक, एबीएस, एअरबॅग यांना काहीही होत नाही, गाडी चालवायला सेफ आहे, हेही सांगितलं, कारण ताई मेसेज बघून घाबरून गाडी कडेला घ्यायच्या आणि वाशीच्या पुलावर कडेला थांबणं हे मेसेजपेक्षा जास्त धोक्याचं.

दुसरा, कॅमेरा बदलून टाकायचा. पैसे तर जातातच, पण दोष काचेत किंवा ट्रेमध्ये असेल तर नवीन कॅमेराही तेच सांगणार.

तिसरा, माझ्याकडेच आरशामागचं कव्हर उघडायचं. मला उघडता आलं असतं. पण गाडी वॉरंटीत, वर्कशॉप आणि सर्व्हिस सेंटर आधीच एकमेकांकडे बोट दाखवायच्या तयारीत, त्यात बाहेरच्या गॅरेजवाल्यानं हात लावला म्हटलं की दोघंही सुटले. शिवाय कॅमेरा ब्रॅकेटमधून काढला की बहुतेक गाड्यांमध्ये कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर नेमकी जुळवणं, परत करावंच लागतं आणि त्यासाठी समोर ठेवायचे खुणांचे बोर्ड माझ्याकडे नाहीत.

मिस्टरांनी अजून एक सुचवलं होतं, उन्हासाठी समोरच्या काचेला फिल्म लावू. समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा असा मोटार वाहन नियम आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी कॅमेऱ्यासमोर अजून एक थर चिकटवायचा म्हणजे उलटाच उपाय. तो विषय तिथंच संपला.

आम्ही ठरवलं ते असं. काही न उघडता जेवढं तपासता येतं ते आधी तपासायचं, पुरावा गोळा करायचा, आणि मग सर्व्हिस सेंटरला सांगायचं की नेमकं काय उघडा.

काय केलं

सगळ्यात आधी गाडीच्या बाहेर बॉनेटजवळ उभं राहून कॅमेऱ्याकडे बघितलं. काचेवर वर काळे ठिपके असतात, त्यात कॅमेऱ्यासमोर एक मोकळी खिडकी सोडलेली असते, वर अरुंद आणि खाली रुंद. ती तशी असते कारण काच तिरपी आहे आणि खालच्या बाजूला काच भिंगापासून लांब जाते तशी नजर पसरते. फास्टॅगचा एक कोपरा बरोबर त्या खिडकीच्या खालच्या कडेवर आलेला होता, बोटाच्या पेराएवढा. आतून सीटवर बसून तो दिसतच नाही, आरसा आणि कव्हर आड येतात. भिंगाच्या इतक्या जवळ तेवढा तुकडासुद्धा चित्राचा चांगला मोठा भाग खातो.

ताई म्हणाल्या, मिळालं ना कारण, काढून हातात धरते टोलला. ते चालणार नाही. एकतर तो सोलला की मेला. दुसरं, काचेला न चिकटवता हातात धरून दाखवलेले फास्टॅग ब्लॅकलिस्ट करायचं एनएचएआयनं, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं, जुलै २०२५ मध्ये जाहीर केलंय. त्यामुळे बँकेकडून परत नवा मागवला. तो येईपर्यंत रोजच्या रस्त्यावर अडचण नव्हती, वाशीला छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफच आहे. नवा टॅग आरशाच्या डाव्या बाजूला, कॅमेऱ्याच्या खिडकीपासून वीतभर लांब लावला. लावायच्या आधी गाडीचं मॅन्युअल उघडून बघितलं, कारण काही गाड्यांच्या काचेत उष्णता परतवणारा धातूचा थर असतो आणि त्यातून टॅगच्या लहरी जात नाहीत, तिथं कंपनीनं टॅगसाठी ठरावीक जागा दिलेली असते.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज परत आला.

हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा असं मी मानतो. एक कारण सापडलं, ते खरंही होतं, पण तेवढंच कारण नव्हतं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, बघा टॅग पण काढलात, आता कॅमेराच राहिला. ताई जवळजवळ तयार झाल्या होत्या पैसे भरायला. मी त्यांना म्हटलं, थोडे दिवस द्या, आणि एक काम करा, मेसेज आला की थांबल्यावर व्हॉट्सॲपला मला टाका, किती वाजले, पाऊस आहे का, एसी कसा चालू होता, तोंड कुठल्या दिशेला होतं.

त्यातून चित्र स्वच्छ झालं. सकाळचा मेसेज फक्त रात्री पाऊस पडून गेलेल्या दिवशी यायचा. गाडी सोसायटीत उघड्यावर उभी, काच पावसानं गार झालेली, आत ओल्या छत्र्या आणि ओली मॅट, ताई दार लावून बसायच्या, एसी री-सर्क्युलेशनवर, म्हणजे आतलीच हवा फिरत राहायची. बाकी काचेवरची वाफ डिफॉगरनं दोन मिनिटांत जायची, पण आरशामागच्या बंद खोबणीत हवा फिरतच नाही, तिथली वाफ बसून राहायची. चष्म्यावर वाफ बसल्यासारखंच. पडताळा म्हणून पुढचे काही पावसाळी दिवस त्यांनी निघायच्या आधी पाच मिनिटं एसीसकट पुढचा डिफॉगर लावला, हवा बाहेरून घेतली, छत्र्या डिकीत टाकल्या. त्या दिवशी मेसेज नाही.

पण आधीच्या पावसाळ्यात पण छत्र्या होत्याच की. तेव्हा का नाही? म्हणून बॅटरी तिरपी धरून बाहेरून त्या खिडकीत परत बघितलं. समोरून धरली तर काही दिसत नाही, अगदी तिरपी धरली की काचेच्या आतल्या बाजूला दुधाळ थर दिसला, आणि त्यात बोटाचा लांबडा फराटा. काच बसवताना कुणाचं तरी बोट लागलेलं होतं. वर गाडी पुसणारा रोज डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारायचा, त्यातलं सिलिकॉन उन्हात उडतं आणि काचेवर बसतं. अशा तेलकट थरावर वाफ बारीक थेंबांनी धरते आणि प्रकाश विखुरतो.

संध्याकाळच्या मेसेजसाठी वेगळी युक्ती केली. मध्ये पावसानं उघडीप दिली तेव्हा ताईंनी डॅशबोर्डवर काळं सुती कापड अंथरून खारघरहून परत फेरी मारली, सूर्य समोर, तोच पूल. मेसेज आला नाही. कापड काढून दुसऱ्या दिवशी गेल्या तर आला. म्हणजे चकचकीत डॅशबोर्डवरचं ऊन काचेवरून परत भिंगात जात होतं. हे थांबवायलाच कॅमेऱ्याखाली तो काळा मखमली ट्रे असतो, तर तो नीट बसलेला नसणार. कापड तेवढ्या चाचणीपुरतंच वापरलं, कायम ठेवायचं नाही, पॅसेंजरची एअरबॅग तिथूनच उघडते.

इतकं हातात आल्यावर ताईंनी सर्व्हिस सेंटरला लेखी मेल केली. कॅमेरा बदलू नका, कव्हर उघडून काचेची आतली बाजू आणि ट्रे माझ्यासमोर तपासा, आणि काच बदलल्यानंतर कॅलिब्रेशन झाल्याचा रिपोर्ट दाखवा. मी सोबत गेलो. कव्हर उघडल्यावर जे दिसलं ते अंदाजाप्रमाणेच, ट्रेची एक क्लिप तुटलेली, ट्रे एका बाजूनं खाली लोंबलेला, काचेवर तो फराटा. टेक्निशियन मुलगा चांगला होता, त्यानं स्वतःच फोटो काढून जॉबकार्डला लावले. कॅमेरा खाली घेतला, काच आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओलसर केलेल्या मायक्रोफायबरनं पुसली, स्प्रे थेट मारला नाही, भिंगाला हात लावला नाही. नवी क्लिप, ट्रे सरळ. वायपरची रबरं जुन्या काचेवरचीच होती आणि बरोबर खिडकीच्या उंचीवर रेघ सोडत होती, तीही बदलली.

कॅलिब्रेशनचा रिपोर्ट मात्र निघाला नाही. काचेच्या बिलात काच, लेबर, सीलंट एवढंच होतं. मिस्टर म्हणाले, मेसेज गेला ना आता, मग कशाला अजून खर्च? मी त्यांना हिशोब करून दाखवला. कॅमेऱ्याची नजर एक अंश जरी सरकली तरी १०० मीटरवर फरक पडतो जवळपास पावणेदोन मीटरचा. आपली लेन साधारण साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन. शेजारच्या लेनमधला टेम्पो आपल्यासमोर आहे असं वाटून गाडी ब्रेक मारू शकते, किंवा समोरचा खरा टेम्पो शेजारच्या लेनमधला समजून सोडून देऊ शकते, आणि दोन्ही वेळी मीटरमध्ये एकही मेसेज नसतो. मिस्टर लगेच तयार झाले.

कॅलिब्रेशन आधी सर्व्हिस सेंटरमध्येच सपाट फरशीवर बोर्ड लावून केलं, टायरची हवा बघून, डिकी रिकामी करून. मग त्यांच्या गाडीला रस्त्यावरचा भागही लागतो, स्कॅनर लावून ठरावीक स्पीडनं स्पष्ट पट्ट्यांवरून चालवायची. सायन-पनवेलला पाऊस आणि पुसट पट्टे यात ते पूर्णच होईना. शेवटी कोरडी सकाळ बघून अटल सेतूवर नेली, तिथं पट्टे ठळक आणि ट्रॅफिक मोकळं, तिथं झालं.

निकाल

ऊन आणि सकाळची वाफ, दोन्हीचे मेसेज बंद झाले. धो धो पावसात, जेव्हा वायपर फुल स्पीडला असूनही आपल्यालाच पुढचं दिसत नाही, तेव्हा मेसेज अजूनही येतो आणि तो यायलाच हवा. डॅशबोर्ड पॉलिश बंद केलंय, गाडी पुसणाऱ्याला नुसतं ओलं फडकं मारायला सांगितलंय. कॅमेरा मूळचाच आहे. खर्च झाला तो क्लिप, वायपर, नवा टॅग आणि कॅलिब्रेशनचा, एस्टिमेटच्या तुलनेत फारच कमी.

काय वेगळं करता आलं असतं

काच बदलायच्या आधीच वर्कशॉपला विचारायला हवं होतं की कॅलिब्रेशन कोण करणार आणि रिपोर्ट कधी देणार, आणि ते इन्शुरन्सच्या एस्टिमेटमध्येच लिहून घ्यायला हवं होतं. नंतर ते आत घालणं फार जड जातं. गाडी ताब्यात घेताना बाहेरून त्या खिडकीत बॅटरी मारून बघायला हवी होती, एक मिनिटाचं काम आहे. फास्टॅग लावताना मुलगा आत बसून लावत असेल तर दुसऱ्यानं बाहेर उभं राहून सांगायला हवं.

सर्व्हिस सेंटरबद्दल एवढंच म्हणेन, कोड क्लिअर करायच्या आधी तो छापून द्यायला हवा होता. मे महिन्यातला कोड आणि जूनमधला कोड शेजारी शेजारी ठेवले असते तर कॅमेरा बदलायची गोष्ट निघालीच नसती. ताईंच्या बाजूनं वेळ आणि हवामान लिहून ठेवणं आधीपासून झालं असतं तर तिसरी चक्कर वाचली असती, पण ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. कॅलिब्रेशनचा खर्च काच बदलण्याचाच भाग आहे म्हणून ताईंनी इन्शुरन्सकडे जुन्या क्लेममध्येच मागितलाय. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी आहे, काचेचं बिल, कव्हर उघडतानाचे फोटो आणि दोन्ही कॅलिब्रेशन रिपोर्ट जोडलेत. सर्वेयरनं कागद घेतले, उत्तर अजून आलेलं नाही.